शालेय खेळाडूंची स्पर्धाचिंता : उगम मैदानात की मैदानाबाहेर?

पहिल्या 'खेलो इंडिया' शालेय क्रीडा स्पर्धा ३१ जानेवारी ते ८ फेब्रुवारी २०१८ या कालावधीत नवी दिल्ली येथे पार पडल्या. सतरा वर्षांखालील मुलामुलींसाठी घेण्यात आलेल्या या स्पर्धांत सोळा क्रीडाप्रकारांचा समावेश होता. अखेरच्या पदकतक्त्यात १०२ पदके मिळविणारा हरियाणा पहिला, तर १११ पदके मिळविणारा महाराष्ट्र दुसरा ठरला. नऊ पदके अधिक असूनही महाराष्ट्र मागे राहिला, कारण हरियाणाच्या नावावर ३८ आणि महाराष्ट्राच्या नावावर ३६ सुवर्णपदके होती. सुवर्णपदकांवरून क्रम लावण्याचा प्रघात जगभर आहे आणि राज्यांच्या क्रमवारीपुरता तो निरुपद्रवीही आहे. परंतु हाच हिशेब जेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या एखाद्या खेळाडूच्या महाविद्यालयीन प्रवेशाला, शिष्यवृत्तीला आणि पुढील नोकरीला लागू होतो, तेव्हा एका शतांश सेकंदाचे किंवा एका गुणाचे मोल मैदानावरील मोजमापापेक्षा कितीतरी पट वाढते. शालेय खेळाडूंमधील स्पर्धाचिंतेचा विचार करताना ही बाब बहुधा नजरेआड होते. चिंता हा खेळाडूच्या मनाचा दुबळेपणा मानला जातो आणि उपायही त्याच्या मनापुरतेच सुचविले जातात. दिल्ली व भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील परिस्थिती तपासली असता या चिंतेचा मोठा भाग मैदानाबाहेर, नियमांत आणि वेळापत्रकांत तयार होतो, असे दिसून येते.

चिंतेचे दोन घटक

मानसशास्त्रात चिंतेचे दोन प्रकार मानले जातात. काही व्यक्तींचा स्वभावच प्रत्येक परीक्षेकडे संकट म्हणून पाहण्याचा असतो. ही स्वभावगत चिंता होय. विशिष्ट प्रसंगी निर्माण होऊन प्रसंग सरताच ओसरणारी ती प्रसंगजन्य चिंता. चार्ल्स स्पीलबर्गर यांनी केलेल्या या भेदाच्या आधारे अमेरिकी क्रीडामानसशास्त्रज्ञ रेनर मार्टेन्स यांनी १९७७ मध्ये खेळाडूंची स्पर्धाचिंता मोजणारी स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. पुढे १९९० मध्ये मार्टेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसंगजन्य चिंतेचे आणखी विभाजन केले. 'आपण हरलो तर काय होईल' या विचारचक्राला वैचारिक चिंता आणि धडधड, तळहाताला येणारा घाम, पोटातील गोळा, स्नायूंचा ताठरपणा यांना शारीरिक चिंता असे म्हणता येईल. शारीरिक चिंता स्पर्धा सुरू होताच बहुधा उतरू लागते. वैचारिक चिंता मात्र गुणफलकाबरोबर वरखाली होत राहते आणि खरा घात ती करते.

थोडी उत्तेजना उपकारकच असते. रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या नियमानुसार उत्तेजना वाढते तशी कामगिरी काही मर्यादेपर्यंत सुधारते व त्यानंतर घसरते. ही मर्यादा खेळागणिक बदलते. भारोत्तोलकाला जी उत्तेजना बळ देते, तीच नेमबाजाचा वा तिरंदाजाचा हात हलविते. टोकियो ऑलिम्पिकमधील तिरंदाजीच्या प्रक्षेपणात खेळाडूंच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखविण्यात आले होते, त्यामुळे ही गोष्ट सामान्य प्रेक्षकांनाही प्रत्यक्ष पाहता आली. याखेरीज, सांघिक खेळांपेक्षा वैयक्तिक खेळांतील मुलांमध्ये चिंता अधिक आढळते, कारण तेथे अपयश वाटून घेणारे कोणी नसते.

मार्टेन्स यांच्या मांडणीतील सर्वांत उपयुक्त भाग चिंतेच्या उगमासंबंधीचा आहे. निकालाचे महत्त्व आणि निकालाची अनिश्चितता हे स्पर्धाचिंतेचे दोन घटक होत. यांपैकी एक घटक नाहीसा झाला तर चिंता फारशी उरत नाही. शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर खेळलेल्या सामन्याचा निकाल अनिश्चित असतो, पण महत्त्वाचा नसतो. उलट, दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा अंतिम सामना महत्त्वाचा असला तरी अनिश्चित नसतो. स्वभाव, पालकांची वृत्ती आणि प्रशिक्षकाची वागणूक यांमुळे या दोहोंची तीव्रता कमीअधिक होते, हे खरे. परंतु महत्त्व किती आणि अनिश्चितता किती, हे मुळात ठरविणाऱ्या यंत्रणा निराळ्याच असतात.

महत्त्व कोण ठरविते?

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दिल्लीबरोबरच हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या राज्यांतील जिल्हे मोडतात. सोनीपत, रोहतक, झज्जर, मेरठ, बागपत हे कुस्ती, मुष्टियुद्ध, कबड्डी व नेमबाजी यांसाठी प्रसिद्ध असलेले जिल्हे याच क्षेत्रात येतात. येथील शालेय खेळाडूपुढे तीन दरवाजे असतात आणि तिन्हींची किल्ली प्रमाणपत्र हीच असते.

पहिला दरवाजा शिष्यवृत्तीचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१७ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित 'खेलो इंडिया' कार्यक्रमात दरवर्षी एक हजार खेळाडू निवडून प्रत्येकावर वर्षाला पाच लाख रुपये याप्रमाणे आठ वर्षे खर्च करण्याची तरतूद होती. त्यांतील दरमहा दहा हजार रुपये खेळाडूला किरकोळ खर्चासाठी मिळतात. शेतमजुराच्या वा छोट्या दुकानदाराच्या घरात ही रक्कम केवळ प्रोत्साहनपर राहत नाही, घराच्या अंदाजपत्रकात तिची जागा ठरून जाते. कामगिरी खालावल्यास यादीतून वगळले जाण्याची शक्यता असल्याने प्रत्येक स्पर्धा ही मिळालेले टिकविण्याचीही स्पर्धा होते. हाती असलेले गमावण्याचे दुःख तेवढेच नव्याने मिळविण्याच्या आनंदापेक्षा मोठे असते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले तत्त्व येथे लागू पडते.

दुसरा दरवाजा महाविद्यालयाचा. दिल्ली विद्यापीठात क्रीडा आणि अभ्यासेतर उपक्रम या दोहोंसाठी मिळून प्रवेशक्षमतेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत अधिसंख्य जागा असतात. प्रमाणपत्रांची पातळी आणि चाचणीतील कामगिरी यांवर प्रवेश अवलंबून असतो. नामवंत महाविद्यालयात प्रवेशासाठी चालणारी चुरस लक्षात घेता, ज्या घरात खेळाला 'अभ्यासातील अडथळा' मानले जाई, त्या घरातही खेळ हा प्रवेशाचा मार्ग मानला जाऊ लागला आहे. खेळाला प्रतिष्ठा मिळाली ही स्वागतार्ह गोष्ट असली, तरी त्या घरातील मुलासाठी खेळ हा आणखी एक पेपर झाला, हेही नाकारता येत नाही. महाराष्ट्रातील पालकांना दहावी-बारावीच्या परीक्षेतील खेळाडूंसाठीच्या वाढीव गुणांमुळे हा अनुभव नवा नाही.

तिसरा आणि सर्वांत रुंद दरवाजा नोकरीचा. केंद्र शासनाच्या कार्मिक विभागाच्या नियमांनुसार गुणवान खेळाडूंना काही पदांवर थेट नियुक्ती मिळू शकते. राष्ट्रीय शालेय स्पर्धांत राज्याच्या शालेय संघाचे प्रतिनिधित्व केलेले खेळाडूही त्यासाठी पात्र ठरतात. म्हणजेच अकरावीत मिळालेले प्रमाणपत्र पुढे कित्येक वर्षांनी रोजगारासाठी कामी येऊ शकते. रेल्वे, निमलष्करी दले आणि राज्यांची पोलीस दले यांतील क्रीडा भरती निराळीच.

या दरवाजांच्या वर रोख पारितोषिकांचे आकडे झळकत असतात. हरियाणात ऑलिम्पिक सुवर्णपदकासाठी सहा कोटी, रौप्यपदकासाठी चार कोटी आणि कांस्यपदकासाठी अडीच कोटी रुपये दिले जातात. दिल्ली सरकारने जुलै २०२५ मध्ये ही पारितोषिके अनुक्रमे सात, पाच व तीन कोटी रुपये असतील, असे जाहीर केले. टोकियो ऑलिम्पिकनंतर पुरुष हॉकी संघातील हरियाणाच्या खेळाडूंना कांस्यपदकासाठी प्रत्येकी अडीच कोटी, तर चौथ्या आलेल्या महिला संघातील हरियाणाच्या खेळाडूंना प्रत्येकी पन्नास लाख रुपये जाहीर झाले. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात दोन कोटी रुपयांचे अंतर पडले. चौथ्या क्रमांकालाही भरीव रक्कम मिळाली हे विशेषच, कारण शालेय पातळीवर चौथ्याच्या पदरी सहसा काहीच पडत नाही.

एडवर्ड लाझिअर व शेरविन रोझेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेला क्रमवारी स्पर्धेचा सिद्धांत येथे मार्गदर्शक ठरतो. कामाच्या प्रत्यक्ष मोजमापाऐवजी केवळ क्रमांकानुसार मोबदला दिल्यास, आणि क्रमांकांमधील मोबदल्याचे अंतर जितके जास्त ठेवले तितके, सहभागी अधिक कष्ट करतात, असे हा सिद्धांत सांगतो. शासनाची पारितोषिके या तर्कावरच उभी आहेत. अधिक कष्टांतून नेहमी अधिक चांगली कामगिरी घडते, हे गृहीतक मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. डॅन अ‍ॅरिएली व सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील मदुराई परिसरातील ग्रामस्थांवर केलेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेम, स्मरणशक्ती व एकाग्रता यांची कसोटी पाहणारे सहा खेळ त्यांना देण्यात आले. एका गटाला प्रत्येक खेळातील उत्तम कामगिरीसाठी चार रुपये, दुसऱ्याला चाळीस, तर तिसऱ्याला चारशे रुपये कबूल करण्यात आले. तिसऱ्या गटातील व्यक्तीला सहाही खेळांत मिळून २४०० रुपये, म्हणजे त्या भागातील माणसाच्या सुमारे अर्ध्या वर्षाच्या खर्चाइतकी रक्कम मिळू शकत होती. चार व चाळीस रुपयांच्या गटांत फारसा फरक पडला नाही. सर्वांत वाईट कामगिरी चारशे रुपयांच्या गटाची झाली. हे प्रौढ होते आणि खेळ त्यांच्या सरावातले नव्हते, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा प्रशिक्षित खेळाडूंना लावता येणार नाही. पण मोबदला घराच्या मिळकतीच्या तुलनेत फार मोठा झाला की लक्ष हाताकडून मोबदल्याकडे वळते, एवढे त्यातून निश्चित कळते.

कुटुंबाने आधी केलेला खर्च हे महत्त्व आणखी वाढवितो. खुराक, प्रशिक्षण, साहित्य, दिल्लीतील भाड्याची खोली, मुलाबरोबर राहण्यासाठी सोडलेली आईची वा वडिलांची कमाई हा सर्व बुडीत खर्च होय. पुढील निर्णय घेताना बुडीत खर्च विचारात घेऊ नये, असे पाठ्यपुस्तक सांगते. घरात मात्र तोच सर्वाधिक बोलून दाखविला जातो. मुलींच्या बाबतीत किंमत निराळ्या चलनात मोजली जाते. पुष्कळ घरांत पराभवानंतरचा प्रश्न 'पुढच्या वर्षी तयारी कशी करायची' हा नसून 'पुढच्या वर्षी खेळायचे की नाही' हा असतो.

अनिश्चितता कोठून येते?

खेळाचा निकाल अनिश्चितच असावा, त्यातच त्याची गोडी आहे. परंतु येथील शालेय खेळाडूच्या वाट्याला येणारी बरीचशी अनिश्चितता खेळाची नसते.

हवेचेच उदाहरण घ्यावे. ऑक्टोबरअखेरपासून जानेवारीपर्यंत या क्षेत्रातील हवा घातक पातळीवर जाते आणि शालेय स्पर्धांचा हंगामही बहुतांशी तोच असतो. श्रेणीबद्ध कृती आराखड्याचे वरचे टप्पे लागू होताच शाळा बंद होतात व मैदानी सराव थांबतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या महिन्यांतील शालेय क्रीडा स्पर्धा पुढे ढकलण्याबाबत विचार करण्यास वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला सांगितले आणि आयोगाने त्याप्रमाणे निर्देश दिले. मुलांच्या फुप्फुसांचा विचार करता हा निर्णय योग्यच होता. मात्र ज्या धावपटूने त्या आठवड्यासाठी चार महिने सरावाची आखणी केली, त्याच्यासाठी नवी तारीख कळेपर्यंतचा काळ चिंतेचाच असतो. कायमस्वरूपी उपाय वेळापत्रक बदलण्यात आहे. दरवर्षी येणाऱ्या संकटाला आकस्मिक म्हणता येत नाही.

वयोगट ही दुसरी बाब. शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. गटातील अखेरच्या वर्षी स्पर्धाच झाली नाही तर ती संधी कायमची जाते. कुस्तीतील घडामोडी या दृष्टीने बोलक्या आहेत. २०२३ मध्ये जंतरमंतरवरील आंदोलनानंतर राष्ट्रीय महासंघाचा कारभार विस्कळीत झाला व कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धा रखडल्या. डिसेंबर २०२३ मध्ये निवडून आलेल्या नव्या कार्यकारिणीने १५ व २० वर्षांखालील स्पर्धा वर्षअखेरीपूर्वी गोंडा येथे घेण्याची घोषणा केली. मुलांचे वर्ष वाया जाऊ नये, हे कारण देण्यात आले. पुरेशी पूर्वसूचना न देता घाईने घोषणा केल्याच्या कारणावरून २४ डिसेंबर २०२३ रोजी क्रीडा मंत्रालयाने महासंघाला निलंबित केले. मंत्रालय आणि महासंघ दोघांच्याही युक्तिवादात कुमार खेळाडूंचे हित होते. आखाड्यातील मुलाला मात्र आपले वर्ष मोजले जाणार की नाही, एवढेच कळत नव्हते.

वजनाचा काटा ही तिसरी बाब कुस्ती, मुष्टियुद्ध व ज्यूदो यांपुरतीच आहे, पण तीव्र आहे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट अवघ्या १०० ग्रॅमने अपात्र ठरल्यापासून ती सर्वांना ठाऊक झाली. वाढीच्या वयात उपासमार करून व घाम गाळून वजन उतरविणारा विद्यार्थी लढतीपूर्वीच एक लढत खेळलेला असतो. थकलेल्या शरीराची धडधड आणि भीतीची धडधड यांत त्याला फरक करता येत नाही.

दोन नेमबाज

झज्जर जिल्ह्यातील गोरिया गावची मनू भाकर आणि मेरठ जिल्ह्यातील कलिना गावचा सौरभ चौधरी हे २०१८ मध्ये दोघेही सोळा वर्षांचे शाळकरी खेळाडू होते. त्या वर्षी मनूने विश्वचषक व राष्ट्रकुल स्पर्धेत, तर सौरभने आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्याच आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या पात्रता फेरीत मनू ५९३ गुणांसह पहिली होती आणि कोल्हापूरची राही सरनोबत ५८० गुणांसह सातवी. अंतिम फेरीत गुण पुन्हा शून्यापासून मोजले जातात. राहीने सुवर्णपदक जिंकले, मनू सहावी आली. एकीकडे दुखापती व अपयश पचविलेली सत्तावीस वर्षांची खेळाडू होती आणि दुसरीकडे प्रत्येक स्पर्धेत पदकाचीच अपेक्षा वाट्याला आलेली शाळकरी मुलगी. एका स्पर्धेवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण तुलना विचार करायला लावणारी आहे.

टोकियोत १० मीटर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनूच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि दोन गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. सौरभ पात्रता फेरीत ५८६ गुणांसह पहिला आला, मात्र अंतिम फेरीत सातव्या स्थानावर राहिला. मिश्र दुहेरीत ही जोडी पहिल्या टप्प्यात अव्वल होती आणि दुसऱ्या टप्प्यात बाहेर पडली. दोघांचेही कौशल्य पात्रता फेरीच्या दीर्घ मोजमापात सिद्ध झाले होते. मोजमाप छोटे झाले आणि पणाला लागलेली गोष्ट मोठी झाली, तेथे फरक पडला. तीन वर्षांनी मनूने पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके मिळविली, सौरभ त्या संघात नव्हता. मनूच्या यशाचे श्रेय तिच्या मनोबलाला देताना तिला दुसरी संधी मिळाली, हेही नोंदविले पाहिजे. जिल्हा पातळीवर बाद झालेल्या दहावीच्या विद्यार्थ्याला ती क्वचितच मिळते.

काय करता येईल?

प्रशिक्षकांपासून आरंभ करणे स्वस्त आणि सिद्ध आहे. रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मॉल यांनी अमेरिकेत बालखेळाडूंच्या प्रशिक्षकांना चुकीवर शिक्षा करण्याऐवजी प्रयत्नाची दखल घेण्याचे अल्पकालीन प्रशिक्षण दिले. अशा प्रशिक्षकांच्या हाताखालील मुलांची चिंता हंगामाअखेरीस घटल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. समुपदेशनासाठी ऑक्टोबर २०२२ पासून कार्यरत असलेली शासनाची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे. तीव्र चिंतेने झोप वा भूक हरपलेल्या विद्यार्थ्याने ती वापरण्यात संकोच करू नये.

परंतु महत्त्व आणि अनिश्चितता यांची मांडणी बदलल्याशिवाय हे उपाय मलमपट्टीच ठरतात. एका दिवसाच्या क्रमांकाऐवजी हंगामातील तीन-चार स्पर्धांच्या सरासरीवर शिष्यवृत्ती देणे, पदक आणि 'केवळ सहभाग' यांच्या मध्ये चौथ्या ते आठव्या क्रमांकासाठी पायऱ्या ठेवणे, धावणे वा पोहणे यांसारख्या मोजता येणाऱ्या प्रकारांत क्रमांकाइतकेच वेळेलाही महत्त्व देणे, हे अशक्य नाही. यावर रास्त आक्षेप असा की, पायऱ्या वाढल्या तर बनावट प्रमाणपत्रांना वाव मिळेल आणि अंतर कमी झाल्यास कष्टांची प्रेरणाही घटेल. पहिला आक्षेप प्रमाणपत्रांच्या डिजिटल नोंदणीने बराचसा दूर होतो. दुसरा मात्र खरा आहे. प्रेरणा आणि चिंता एकाच अंतरातून जन्म घेतात, त्यामुळे एक कमी करताना दुसरी काही प्रमाणात कमी होणारच. तथापि प्रौढ व्यावसायिक खेळाडूसाठी जे अंतर योग्य, तेच नववीतील मुलासाठीही योग्य, असे मानण्याला आधार नाही.

अनिश्चितता कमी करण्याचे एक उदाहरण याच क्षेत्रात घडले आहे. कर्नालचा नेमबाज अनीष भानवाला २०१८ मध्ये दहावीत होता. त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा व तयारी आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची परीक्षा एकाच काळात आली. मंडळाने त्याची परीक्षा नंतर स्वतंत्रपणे घेण्याचे मान्य केले. त्या एप्रिलमध्ये पंधराव्या वर्षी त्याने राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकाराचे सुवर्णपदक जिंकले आणि परतल्यावर राहिलेले पेपर दिले. अशा खेळाडूंसाठी स्वतंत्र परीक्षेची सोय मंडळाने पुढेही ठेवली. त्यासाठी नवे मैदान बांधावे लागले नाही की मानसशास्त्रज्ञ नेमावा लागला नाही, केवळ एक तारीख बदलली. ही सोय अद्याप वरच्या पातळीवरील स्पर्धांपुरतीच आहे. विभागीय स्पर्धा आणि सहामाही परीक्षा एकाच आठवड्यात आलेल्या विद्यार्थ्याला आजही मुख्याध्यापकांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते.